दुलईखालचा भात

प्रिय इमो,

हे पत्र मराठीत लिहितोय. कोरियनमध्ये लिहायचं तर माझ्याकडे 'कामसाहम्निदा' एवढा एकच शब्द आहे, आणि तो मी तुमच्या अंगणात इतक्या वेळा म्हटला की शेवटी तुम्ही तो माशी हाकलावी तसा हाताने हाकललात. तुमची नात फोनमध्ये घालून वाचून दाखवेल. फोन चुकेल तिथे चुकू दे, त्याने आपल्यात आधीच पुरेसे घोटाळे केलेत. उघडं पत्र एवढ्याचसाठी, की इथे दक्षिण कोरियातल्या चांगवॉन शहरातली आमची मराठी मंडळी तुमच्या गावाबद्दल अजून विचारतात, "गुर्येला एवढं काय होतं रे?"

तारीख होती 22 मार्च, शुक्रवार. ड्यूटी संपवून सुन्चनमार्गे गुर्येगू स्टेशनवर उतरलो तेव्हा रात्र झाली होती. ('गू' म्हणजे तोंड, गुर्येचं प्रवेशद्वार, स्टेशन मात्र सुन्चनच्या हद्दीत, आणि गुर्ये सोमजिन नदीच्या पलीकडे. हे मला तिथे उतरल्यावर कळलं.) टॅक्सीत बसून बुकिंग उघडलं, तर ते 22 एप्रिलचं. चूक शंभर टक्के माझी. ह्वाऑमसा या बौद्ध मंदिरातला लाल प्लम फुलायचे दिवस, सगळ्या खोल्या भरलेल्या. टॅक्सीवाल्याने गाडी कडेला घेऊन चार फोन लावले, पाचवा तुम्हाला. तो काय बोलला कळलं नाही, पण 'इन्दो' हा शब्द दोनदा ऐकू आला. म्हणजे 'भारतीय आहे' हे त्याने आधीच सांगून टाकलं होतं. तरी तुम्ही हो म्हणालात.

मी तुम्हाला आधी 'हाल्मनी' म्हटलं. आजी. तुम्ही हसून मान हलवलीत आणि स्वतःच्या छातीवर बोट ठेवून म्हणालात, "इमो." फोनने सांगितलं, आईची बहीण. म्हणजे अगदी मावशी! आमच्याकडेही खाणावळीत वाढणारी बाई मावशीच असते, नातं असो वा नसो. फक्त मराठीत सख्ख्या मावशीला आम्ही 'अगं' म्हणतो. तुमच्या भाषेत वडीलधाऱ्यांशी तसं बोलणं चालत नाही, म्हणून इथे 'तुम्ही'च.

मग जेवण. "मी मांस-मासे खात नाही," हे फोनने तुम्हाला कसं सांगितलं देव जाणे, कारण उलट प्रश्न आला, "तुम्ही भिक्षू आहात का?" मी नाही म्हणेपर्यंत तुम्ही किमचीची वाटी माझ्यासमोरून उचललीतही. आत मासळीचं खारं असतं, हे मला कोरियात आल्यावर दोन महिन्यांनी कळलं होतं, तेही कॅन्टीनमध्ये बऱ्याच वाट्या संपवल्यावर. तुम्ही न विचारता सांगितलंत. दुसऱ्या दिवशी सकाळी देवळातल्या जेवणासारखं ताट आलं: खोसारी म्हणजे नेच्याचे कोवळे कोंब, छ्विनामुल ही रानातली पालेभाजी, तोफू, आणि सुक्या मासळीऐवजी वाळवलेल्या मश्रूमवर उकळलेलं दोन्जांगचं, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनच्या पेस्टचं, सूप. लसूणही नाही! भिक्षू पाचही उग्र वासाच्या भाज्या टाळतात, म्हणून तुम्ही तीही वगळलीत. आमच्याकडे चातुर्मासात आजी कांदा-लसूण बंद करायची, तेव्हा मी कुरकुरायचो. तुमच्याकडे दोनदा भात घेतला.

बदल्यात माझ्याकडे देण्यासारखी एकच गोष्ट होती, बॅगेतली शेंगदाण्याच्या चटणीची बरणी. तुम्ही चिमूटभर जिभेवर ठेवलीत आणि म्हणालात, "कोसोहे." फोनने चार वेगवेगळे अर्थ दाखवले. मला पाचवा ठाऊक आहे: खमंग.

आता ज्यासाठी हे पत्र लिहायला घेतलं ते. शनिवारी 23 तारीख, म्हणजे बाजाराचा दिवस. गुर्येचा बाजार 3 आणि 8 आकडा शेवटी असलेल्या तारखांना भरतो. तुमच्याबरोबर बाजार केला, दुपारी ह्वाऑमसाला गेलो. 1702 साली पुन्हा उभारलेलं ते काक्वांगजॉन नावाचं भलंमोठं लाकडी सभागृह, रंग न दिलेलं, आणि शेजारी जवळजवळ काळपट लाल फुललेलं ते एकच झाड. तिथून पाय निघेना आणि शेवटची बस चुकली. तुमच्या ओमी वस्तीपर्यंत डोंगराच्या कडेकडेने अंधारात चालत आलो, फोनची बॅटरी संपलेली. तुम्ही झोपला असाल, पोटात काही न घालता गुपचूप पडू, असं ठरवलं होतं.

तुमच्या खोलीतला दिवा बंद होता. माझ्या खोलीत जमिनीचा जो भाग चुलीजवळ आणि सगळ्यांत उबदार, तो आरॅन्मोक, तिथे अंथरूण घातलेलं. बसायला गेलो तर दुलईखाली काहीतरी टणक लागलं. झाकणाची स्टीलची वाटी, फडक्यात गुंडाळलेली. आत भात, अजून वाफाळता.

उशिरा येणाऱ्या घरच्या माणसासाठी भात असा ठेवायची तुमच्याकडची जुनी रीत आहे, हे नंतर कळलं. त्या क्षणी मला फक्त आमचं स्वयंपाकघर दिसलं. सेकंड शिफ्टहून आलो की ओट्यावर आईने झाकून ठेवलेलं ताट. खोटं कशाला बोलू, दोन घास घशात अडकले. सकाळी तुम्ही त्याबद्दल अवाक्षर काढलं नाही, वाटी उचलून नेलीत.

रविवारी तुम्ही मला उन्जोरू बघायला पाठवलंत. 1776 सालचा तो वाडा, आणि तिथली लाकडाची ती तांदळाची कोठी, खाली खुंटी, तिच्यावर अक्षरं 'ताइन्नुंग्हे': कुणीही उघडावी. नेणाऱ्याचं तोंड मालकाला दिसू नये अशा जागी ती ठेवलेली असायची. धुराडीही मुद्दाम बुटकी, उपाशी शेजाऱ्याला चुलीचा धूर दिसू नये म्हणून. कोठीपुढे उभं राहिल्यावर तुमच्या खोलीतला तो बंद दिवा आठवला. तुम्ही खरंच झोपला होतात का, इमो?

जादा पैसे तुम्ही घेतले नाहीत, वर वाळवलेल्या खोसारीची पुडी दिलीत. रात्रभर भिजवून, नीट उकडून, ओलं खोबरं घालून मी तिची भाजी केली. तुम्हाला पटणार नाही, पण छान लागली.

चांगवॉनला बॅग उपसली तेव्हा माझी चटणीची बरणी सापडली. स्वच्छ धुतलेली, गळ्यापर्यंत दोन्जांगने भरलेली. शेजारच्याची बरणी रिकामी परत करायची नाही, हे तुम्हाला कुणी सांगितलं?

दोन्जांग आता तळाशी आलंय. संपलं की चटणी भरून बरणी घेऊन येतो. 3 किंवा 8 ची तारीख बघून येईन, म्हणजे बाजारही सापडेल. महिना या वेळी दोनदा तपासेन.

तुमचा,
चांगवॉनचा भाचा