डॉक्टर ताई, तुम्हाला थँक्यू म्हणायचं राहूनच गेलं

डॉक्टर ताई,

त्या दिवशी आमच्या कुत्रीला शेवटचा निरोप देऊन तुम्ही निघालात तेव्हा आमच्यापैकी कुणाच्या तोंडून शब्द फुटला नाही, म्हणून आज सगळ्यांसमोर लिहितेय.

2009 च्या अनंत चतुर्दशीला आम्ही इंदूरच्या राजवाड्याकडे झांक्या, म्हणजे मिरवणुकीतले चित्ररथ, बघायला गेलो होतो, पहाटे परतताना एका ठेल्याखाली मुठीएवढं पिल्लू कुंई कुंई करत होतं, बाबांनी ते शर्टात घालून लोकमान्य नगरला आणलं. रंग अगदी पोह्यांवरच्या जिरावन मसाल्यासारखा, म्हणून जिरू. आई गेल्यानंतर ती बाबांच्या पलंगाखाली झोपायला लागली, आणि बाबा तिच्याशी जेवढं बोलायचे तेवढं आमच्याशी कधी बोलले नाहीत.

तुमच्याकडे आलो तेव्हा तिचं क्रिएटिनिन, किडनी किती बिघडलीय ते सांगणारा रक्तातला आकडा, 7.8 होतं. आधी जिथे नेत होतो तिथे रोज सलाईन लावायचे आणि "देखते हैं" म्हणायचे, बस. तुम्ही जमिनीवर बसलात, तिच्या हिरड्या बघितल्या, आणि बाबांना सरळ सांगितलंत की काका, ही आता बरी होणार नाही, त्रास कमी करणं एवढंच आपल्या हातात आहे. मला खूप राग आला होता तुमचा तेव्हा, खरं सांगते. पण मी रडत म्हटलं की आम्हाला आधी कसं कळलं नाही, तर तुम्ही म्हणालात, किडनीचं जवळपास पाऊण काम बंद पडल्यावर कुठे हा आकडा वाढायला लागतो, तुमचं लक्ष नव्हतं असं नाही. हे वाक्य मी कितीतरी रात्री धरून झोपलेय ताई.

आणि ते कालनिर्णय! रोज रात्री बाबांनी तारखेवर लिहायचं, दिवस चांगला गेला तर टिक, वाईट गेला तर फुली. चांगला म्हणजे काय ते पण तुम्हीच ठरवून दिलंत, स्वतः उठली का, काही खाल्लं का, बाबा आले की शेपूट हलवली का. पहिल्या आठवड्यात पाच टिका होत्या, दुसऱ्यात दोन, नंतर नुसत्या फुल्या, आणि ज्या बाबांनी कायमचं झोपवायच्या इंजेक्शनचं नाव पण काढू दिलं नव्हतं त्यांनी स्वतः तुम्हाला फोन लावला.

तुम्ही घरी आलात. आधी सगळं समजावलंत, पहिलं इंजेक्शन गुंगीचं, मग पायाच्या शिरेतून भूल देणाऱ्या औषधाचा मोठा डोस, डोळे उघडेच राहतील, नंतर एखादा श्वास घेतल्यासारखं दिसेल पण तिला काही जाणवत नसेल. सांगितलं नसतं तर तो श्वास बघून बाबांचं काय झालं असतं! बाबांनी हातावर थोडी शेव घेतली होती, तिची आवडती. तिने खाल्ली नाही, तळहातात नाक ठेवलं आणि तशीच झोपली. तुम्ही किती वेळ स्टेथोस्कोप लावून ऐकत होतात, आणि बाबांनी तो हात नंतरही बराच वेळ हलवला नाही.

मग बाबांनी विचारलं, "बेटा, मी मारलं का हिला?" तुम्ही उठून भिंतीवरचं कालनिर्णय काढून आणलंत, त्यांच्या मांडीवर ठेवलंत आणि म्हणालात, "काका, तिने सांगितलं, तुम्ही लिहून घेतलं." बाबा तेव्हा रडले. आई गेली तेव्हाही नव्हते रडले.

इंदूरजवळ राऊला मावसभावाच्या शेतात तिला पुरायला चांगला चार फूट खड्डा केला, तुम्ही बजावलं होतं ना की औषध शरीरात राहतं, दुसऱ्या कुत्र्यांनी उकरलं तर त्यांच्या जिवावर बेतेल. वर कढीपत्ता लावलाय.

सलाईनच्या चार बाटल्या सीलबंद उरल्यात, तुमच्याकडे कुणाला लागत असतील तर सांगा, बाबा स्वतः घेऊन येतो म्हणतायत. आणि तुम्ही पण या एकदा घरी, त्या दिवशी साधं पाणीसुद्धा विचारलं नाही आम्ही तुम्हाला.

तुमची,
जिरूची ताई