‘अम्बुलारे’ म्हणजे नुसतं चालणं नव्हे

प्रिय विनय,
सप्रेम नमस्कार.

लॅटिनमधल्या ‘अम्बुलारे’ या क्रियापदाला कोशात ‘चालणे’ एवढाच अर्थ दिसला, म्हणून तू अडलास. माझ्या मते आपलं ‘फिरणं’ त्याच्या जास्त जवळचं; जेवण झाल्यावर फिरायला जातो, तसलं. ‘अम्ब्’ म्हणजे भोवती, दोन्ही अंगांनी. ग्रीक ‘आम्फी’ आणि संस्कृत ‘अभितः’ त्याचे सख्खे. पुढच्या ‘अल्’ धातूत भटकणं आहे. ग्रीकमध्ये ‘अलाओमाइ’ म्हणजे मी भटकतो. इटलीत गुब्बिओला १४४४ साली सापडलेल्या काशाच्या पत्र्यांवर, उम्ब्रियन या प्राचीन इटालियन भाषेतल्या पूजाविधीत ‘अम्बोल्तु’ असा आज्ञार्थ येतो. लॅटिनचा हा चुलतभाऊच.

वर्तमानकाळाची रूपं सोपी, पहिल्या गणातली: अम्बुलो, अम्बुलास्, अम्बुलत्, अम्बुलामुस्, अम्बुलातिस्, अम्बुलन्त्. शेवटच्या त् आणि न्त् यांच्या आधी ‘ला’चा ‘ल’ होतो, तिथे सगळे चुकतात. ‘अम्बुलो’त ‘बु’ ऱ्हस्व, म्हणून आघात ‘अम्’वर, ‘अम्बुलारे’त मात्र ‘ला’वर.

दुसरी हमखास चूक म्हणजे ‘रोमाम् अम्बुलो’. रोमला जायचं तर ‘रोमाम् एओ’ म्हण (हा ‘एओ’ संस्कृत ‘एमि’चा नातलग). रोमन वक्ता सिसेरो याच्या लॅटिनमध्ये अम्बुलारेला मुक्काम लागत नाही. पण निरोप देताना नाटककार प्लाउतुसची पात्रं ‘बेने अम्बुला’ म्हणतात, म्हणजे ‘सुखरूप जा’. बोलीत शब्द आधीच सैल होता, असं मला त्यावरून वाटतं.

रोमन कायद्यात तो फार नेमका वापरलाय. दुसऱ्याच्या जमिनीतून वाट मागायची, तर ‘इतेर’ म्हणजे माणसाने जाण्याचा, चालण्याचा हक्क. जनावर हाकायचा नाही, असं रोमन कायदेपंडित उल्पियान सांगतो. त्याहून मोठा हक्क ‘विया’चा, म्हणजे गाडीवाटेचा. बारा पाट्यांच्या, म्हणजे रोमच्या जुन्या लेखी कायद्यानुसार तिची रुंदी सरळ जागी ८ फूट, वळणावर १६. वळताना गाडीला जास्त जागा लागते, हे आपल्या पाणंदीवरून भांडणाऱ्यांनाही कळेल!

पुढे ‘भोवती’ गळूनच गेलं. लॅटिन बायबलात आजाऱ्याला ‘तोल्ले ग्राबातुम् तुउम् एत् अम्बुला’ सांगितलंय: आपली बाज उचल आणि चालू लाग. रुमानियनमध्ये हेच क्रियापद ‘उम्ब्ला’ झालं. फ्रेंच ‘आले’ यातूनच निघालं, असं बरेच जण म्हणतात, पण मधल्या ध्वनींचा हिशेब लागत नाही, म्हणून वाद आहे.

अँब्युलन्स मात्र नक्की इथलीच. सैन्यामागून हलणाऱ्या दवाखान्याला फ्रेंच लोक ‘फिरतं रुग्णालय’ म्हणत. त्यातलं रुग्णालय गळालं, ‘फिरतं’ तेवढं उरलं, आणि पुढे तेच नाव गाडीला चिकटलं.

तुझा,
श्रीधर