सुरुवात मोटरपासून नको, फेरीच्या वेळेपासून करावी

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

मध्यभागी उभ्या चालकाच्या हातातील तारांना बांधलेल्या आणि त्याच्याभोवती फेऱ्या घेणाऱ्या कसरती मॉडेल विमानात इंधनाच्या इंजिनाऐवजी विजेची मोटर बसवू पाहणारे नवे उड्डाणप्रेमी पहिला प्रश्न विचारतात तो ‘कोणती मोटर घेऊ?’ हा. हा प्रश्न सर्वांत शेवटी यायला हवा, हे सांगण्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

आधी फेरीची वेळ ठरवावी. तारांची लांबी २० मीटर धरली आणि एक फेरी ५.३ सेकंदांत हवी असली, तर विमानाचा वेग सेकंदाला सुमारे २४ मीटर, म्हणजे ताशी ८५ किलोमीटर होतो, १.८ किलो वजनाचे विमान या वेगात चालकाच्या हातातले हँडल साधारण ५ किलोच्या जोराने ओढते आणि विमान डोक्यावर नेऊन हवेत काढायच्या आकृत्यांत हाच ताण आपल्या कामी येतो. आता पंखा मिनिटाला १०,००० फेरे घेणार असेल, तर दर फेऱ्याला विमानाने सुमारे साडेपाच इंच पुढे सरकले पाहिजे, म्हणून साडेपाच ते सहा इंच पिचच्या (एका फेऱ्यात पंखा जितका पुढे सरकतो त्या अंतराच्या) पंख्यापासून चाचण्या सुरू कराव्यात. पंखा ठरला की फेरे ठरतात, फेऱ्यांवरून व्होल्टेज व केव्ही (भाराविना दर व्होल्टला मोटर मिनिटाला किती फेरे घेते तो आकडा), आणि मग कुठे मोटर.

हा क्रम न पाळल्याचा परिणाम मी स्वतः भोगला आहे. माझ्या पहिल्या विजेवरच्या विमानात चार सेलची बॅटरी आणि ७७० केव्हीची मोटर होती, तर स्पीड कंट्रोलरचा (मोटरचा वेग सांभाळणाऱ्या उपकरणाचा) गव्हर्नर, म्हणजे फेरे स्थिर राखणारी सोय, मिनिटाला १०,२०० फेऱ्यांवर लावलेला होता. सुरुवातीच्या आकृत्या सुरेख झाल्या. वाळूच्या घड्याळाची आकृती संपवून डोक्यावरचे आठ काढायला घेतले, तेव्हा मोटरचा सूर उतरल्याचे कानाला स्पष्ट जाणवले, तारा सैल पडल्या, आणि मी पाठमोरा धावत सुटलो म्हणूनच त्या पुन्हा ताठ झाल्या. हिशेब नंतर केला. भाराखाली बॅटरी १४.२ व्होल्टवर आली की ती मोटर भाराविनाही १०,९००च्या आसपासच फिरू शकते. पंख्याच्या भाराने त्यातले हजारभर फेरे सहज जातात, मग गव्हर्नरला राखायला उरतेच काय? स्पर्धेच्या क्रमात डोक्यावरचे आठ आणि चौपानी (चार पाकळ्यांची) या आकृत्या अगदी अखेरीस येतात, म्हणजे बॅटरी थकलेली असते नेमक्या त्याच वेळी शक्तीची गरज सर्वाधिक असते. म्हणून पूर्ण भरलेल्या बॅटरीचा आकडा धरून कधीही हिशेब करू नये. सेलमागे साडेतीन व्होल्ट धरावेत आणि त्यावर आणखी वीसेक टक्के सवड ठेवावी.

बॅटरीच्या क्षमतेचा हिशेब त्या मानाने सरळ आहे. सहा मिनिटांत सरासरी २२ अँपिअर प्रवाह गेला, तर २,२०० मिलीअँपिअर-तास खर्च होतात; ते एकूण क्षमतेच्या ८० टक्क्यांच्या आत बसावेत, म्हणून २,८०० चा पॅक हवा.

पंख्याच्या दिशेकडेही अनेकांचे दुर्लक्ष होते. मोटरच्या तीनपैकी कोणत्याही दोन वायरींची अदलाबदल केली की ती उलटी फिरते. त्याला जोडीचा उलट दिशेचा पंखा लावला, तर घड्याळाच्या उलट फेरी घेणाऱ्या विमानाला मोटरची प्रतिक्रिया वर्तुळाबाहेर कलंडवते आणि उड्डाण घेतानाच तारा ताठ राहतात. इंजिनात हे इतके सोपे कधीच नव्हते.

एक कळकळीची विनंती. मोटर चालू-बंद करणारा टायमर किंवा गव्हर्नर जुळवताना पंखा काढूनच ठेवावा आणि बॅटरीची जोडणी करणारा प्लग विमानाच्या बाहेरच्या बाजूस, पंख्यापासून दूर असावा. इंजिन हाताने सुरू करावे लागे. मोटर मात्र टायमरच्या एका चुकीच्या सेटिंगने, आपण बोटे पंख्याजवळ नेलेली असताना, पूर्ण जोराने फिरू शकते.

पहिल्या उड्डाणासाठी टायमर चारच मिनिटांचा लावावा. खाली उतरल्यावर चार्जरने बॅटरीत किती मिलीअँपिअर-तास परत भरले ते वहीत टिपून घ्यावे आणि पुढचा वेळ त्याच आकड्यावरून वाढवावा.

आपला नम्र,
कंट्रोल लाइन विमाने उडवणारा एक वाचक