आकडा तुला सांगणार नाही

चोपडा

प्रिय दिल्या,

फोनवर तू मधेच हसतोस, म्हणून लिहितोय. बीपीची गोळी चालू आहे, आईचे गुडघे तसेच. झालं.

देवयानी दीर्घिकेची एक्सएमएम-न्यूटन या अवकाशातल्या क्ष-किरण दुर्बिणीची जुनी निरीक्षणं सगळ्यांना खुली आहेत. त्यांतल्या एका क्ष-किरण स्रोतात मला पल्सारचे, गरगर फिरणाऱ्या न्यूट्रॉन ताऱ्याचे, ठोके दिसतायत, म्हणजे दिसतायत असं वाटतं. आमचे विभागप्रमुख म्हणाले, "केळीचा भाव निघतो का त्यातून?" म्हणून तू.

25 लाख प्रकाशवर्षांवरून येणारे फोटॉन मोजकेच. इतके आवर्तकाल, म्हणजे दोन ठोक्यांमधले काळ, चाळले की आलेखात एखादं शिखर नुसत्या योगायोगानंही उभं राहतं. त्यात हा गडी जोडीदार ताऱ्याभोवती फिरणार. आपल्याकडे येताना ठोके जवळजवळ पडणार, लांब जाताना विरळ, आणि लांबलचक निरीक्षणात शिखर पसरून जाणार. म्हणून कक्षा गृहीत धरून मी फोटॉनच्या वेळा दुरुस्त केल्या. शिखर टरारून वर आलं! पण कक्षेचा काळ, आकार, सुरुवातीची जागा, तिन्ही मीच फिरवत बसलो होतो भो. इतकं फिरवल्यावर भुसावळच्या गाड्यांच्या वेळापत्रकातही पल्सार सापडेल. दुसऱ्या निरीक्षणात ताडून पाहावं, तर तेव्हा स्रोतच मंदावलेला. झोप उडाली आहे.

तरी सोडवत नाही. 2016 मध्ये देवयानीतलाच 1.2 सेकंदांचा पल्सार जाहीर झाला, कक्षा 1.27 दिवसांची, तोही असाच जुन्या निरीक्षणांच्या ढिगातून निघाला. आणि एम 82 दीर्घिकेतला एक्स-2 हा क्ष-किरण स्रोत? "एवढं तेज न्यूट्रॉन ताऱ्याला झेपत नाही, कृष्णविवरच," म्हणून तू ताटावरून उठला होतास. 2014 मध्ये नुस्टार ही क्ष-किरण दुर्बीण तिथला सुपरनोव्हा बघायला गेली आणि 1.37 सेकंदांचे ठोके घेऊन आली. पैजेची शेवभाजी अजून येणं आहे. तेव्हापासून तुझ्या हट्टावर माझा भारी विश्वास, कारण तू माझं सुखासुखी मान्य करणार नाहीस.

तुझी बदली झाली म्हणे. वहिनींना नमस्कार, पोरीच्या निकालाचं कळव.

भाच्याबरोबर बामणोदची वांगी पाठवतोय, पिशवीत पेनड्राइव्ह आहे. त्यात फक्त फोटॉनच्या वेळा आहेत. मला मिळालेला आकडा, कक्षा, काही लिहिलेलं नाही. तुझ्या पद्धतीनं शोध, आणि किती आवर्तकाल तपासलेस ते मांडून ठेव. मग फोन कर. आधी तू बोलायचं.

तुझा,
सुध्या