बाबा, तुमची दूध संस्था माझ्या वर्गात आली आहे

विश्रामबाग, सांगली

ति. आई-बाबांना साष्टांग नमस्कार.

बाबा, परवा फोनवर तुम्ही विचारलंत, पुण्यातल्या कंपनीत चांगलं चाललं होतं, मग पोरांना कोडिंग शिकवण्यात एवढं काय आहे? ते तर आता कॉम्प्युटरच लिहून देतो म्हणतात. तेव्हा मला तासाला जायचं होतं, नीट बोलणं झालं नाही. म्हणून सविस्तर लिहिते.

कोडिंग मुलांना येतं. एआयला सांगितलं की पानंच्या पानं कोड हातात पडतो, हेही खरं. माझा विषय, सॉफ्टवेअर इंजिनिअरिंग, त्याच्या पुढचा आहे. चौघांनी मिळून करायचं, भलत्याच माणसांनी वापरायचं आणि करणारे निघून गेले तरी वर्षानुवर्षं दुरुस्त होत राहील असं सॉफ्टवेअर कसं उभं करायचं, ते मी शिकवते. १९६८ साली जर्मनीत गार्मिशला याच नावानं एक परिषद भरली, कारण तेव्हाही मोठी कामं वेळेत होत नव्हती, खर्च हाताबाहेर जात होता आणि झालेलं काम भरवशाचं नसायचं. ते दुखणं अजून गेलेलं नाही. कोड फुकट मिळायला लागल्यावर तर तो बरोबर आहे का हे तपासणारा माणूस जास्तच लागणार, असं माझं ठाम मत आहे.

एरवी मुलं प्रोजेक्टला लायब्ररी नाहीतर हॉटेल बुकिंग घेतात. ते वापरणारं कुणीच नसतं, त्यामुळे चुकलं तरी कुणाचं काही बिघडत नाही. यंदा मी सगळ्या गटांना एकच विषय दिला, गावातल्या दूध संस्थेचं संकलन आणि बिल. लहानपणी संस्थेत तुमच्या टेबलाशी बसून अभ्यास केलाय, त्यामुळे त्यातल्या खाचाखोचा मला ठाऊक आहेत.

पहिल्या गटानं दाखवलं ते दिसायला सुरेख होतं. लिटर, फॅट, एसएनएफ (दुधातले फॅट सोडून बाकीचे घन घटक) टाकलं की दरपत्रकातला दर येत होता, गाय-म्हैस वेगळी होती, दहा दिवसांचं बिल निघत होतं. मी म्हटलं, ऑक्टोबरचं तिसरं बिल काढा. निघालं, २१ ते ३०. एकतीस तारखेचं दूध कुठल्याच बिलात नव्हतं! दहा दिवस म्हणजे दहाच, असं त्यांनी धरलं होतं. "एकाच दिवसाचा प्रश्न आहे, मॅडम," एक मुलगी म्हणाली. मी तिला सगळ्या सभासदांच्या त्या एका दिवसाच्या दुधाची बेरीज करायला लावली. आकडा पाहिल्यावर तिनं स्वतःहून फेब्रुवारीचं बिलही तपासलं. तेही चुकलेलं निघालं.

सेमिस्टरच्या मध्यावर मी गटांचा कोड अदलाबदल करते. याचा त्याला, त्याचा याला. मग सांगितलं, दूध संघानं पंधरा तारखेपासून दर बदललाय, तेवढं बसवून द्या. बहुतेकांनी फक्त आजचा दर साठवला होता, त्यामुळे नवा दर घातला की मागची चुकती केलेली बिलंसुद्धा बदलायला लागली. शिवाय तक्रार सुरू, "मॅडम, यांचं लिहिलेलं समजतच नाही." नोकरीत त्यांना बहुतेक वेळ दुसऱ्याचंच लिहिलेलं वाचावं लागणार आहे. ते इथं, माझ्यासमोर कळलेलं बरं.

४ जून १९९६ ला युरोपचं एरियान ५ रॉकेट पहिल्याच उड्डाणात चाळीसेक सेकंदांत फुटलं, तो प्रसंगही मी शिकवते. एरियान ४ मधला कोड त्यात तसाच वापरला होता. नव्या रॉकेटचा आडवा वेग जास्त, आणि त्याचा आकडा जिथं साठवायचा तिथं ३२,७६७ च्या वर काही मावत नव्हतं. जुन्या रॉकेटवर तो कोड कधी अडला नव्हता, म्हणून नव्यावर पुन्हा नीट तपासला गेला नाही. मुलं ऐकतात, लिहून घेतात. पण एकतिसाव्या तारखेचं दूध त्यांना जास्त लागलं, कारण ते त्यांच्या घरचं होतं.

आई, एक मुलगा आहे जत तालुक्यातला. वर्गात तोंड उघडायचा नाही. त्यानं चाचण्यांची यादी लिहून आणली: फॅटचं मशीन बंद पडलं तर? सभासद वारला आणि खातं मुलाच्या नावावर करायचं असेल तर? पेंडीची कपात आणि उचल मिळून बिलापेक्षा जास्त झाली तर? त्याच्या घरी म्हशी आहेत. आपल्याला हे माहीत आहे याचा इंजिनिअरिंगशी काही संबंध असेल, असं त्याला वाटलंच नव्हतं. आता बाकीचे गट त्याला विचारायला येतात. जत, आटपाडी, तासगावकडची अशी किती तरी मुलं माझ्याकडे आहेत. त्यांना पुण्याच्या मुलांसारखं इंग्रजी येत नाही म्हणून ती मागे बसतात, पण काम कुठं अडतं ते त्यांना आधी दिसतं. बाबा, मी इथं आले ती यांच्यासाठी.

आता तुमच्याकडे एक मागणं. संस्थेत कॉम्प्युटर आला तेव्हा कितीतरी महिने तुम्ही वहीसुद्धा चालू ठेवली होतीत. रोज रात्री दोन्हीकडची बेरीज जुळल्याशिवाय उठायचा नाहीत, आणि लोक म्हणायचे, भाऊंचा मशीनवर विश्वास नाही. तुम्ही करत होतात ते अगदी बरोबर होतं. नवी यंत्रणा आली की जुनीच्या बरोबरीनं चालवून ताळा घ्यायचा, हे मी आज फळ्यावर लिहून शिकवते. ते तुमच्या तोंडून मुलांनी ऐकावं असं फार वाटतं. कुठे फरक सापडायचा आणि तो कसा शोधायचात, तेवढंच सांगा. भाषण नको.

दिवाळीनंतरच्या शनिवारी दोन गटांना घेऊन येते. सांगलीहून रेल्वेनं कोरेगावला उतरू, पुढे वडापनं येऊ. माळ्यावरच्या वह्या काढून ठेवा, पण तुम्ही शिडीवर चढू नका, शेजारच्या पोराला सांगा. आई, आठ जण आहोत, डबे आणतोय. तू फक्त ताक कर. आणि गुडघ्याचं औषध संपलं असेल तर कळव, येताना घेऊन येते.

तुमची,
माई