रँक लिस्ट सर्टिफाय करण्याआधी

एडिसन, न्यू जर्सी
फेब्रुवारी

चि. सईस,
अनेक आशीर्वाद.

काल फोनवर तू रेसिडेन्सीची, म्हणजे डॉक्टर झाल्यावरच्या हॉस्पिटलातल्या ट्रेनिंगची, तुझ्या पसंतीक्रमाची रँक लिस्ट वाचून दाखवलीस. पहिल्या नंबरावर आपल्या घराजवळचं हॉस्पिटल आणि न्यू मेक्सिको पार चौथ्यावर. बाबा खूश झाले. मला मात्र झोप लागेना. फोनवर हा विषय काढला तर तू मला मध्येच थांबवशील, म्हणून लिहितेय. मराठी वाचायला तुला वेळ लागतो, तर सावकाश वाच, पण पूर्ण वाच.

डिसेंबरात तू घरी होतीस तेव्हा दोन्ही इंटरव्ह्यू डायनिंग टेबलवरून दिलेस. शिट्टी ऐकू जाईल म्हणून मी कुकर लावला नव्हता. इथल्या हॉस्पिटलचा झाला, तू "छान झाला" म्हणालीस आणि वर निघून गेलीस. न्यू मेक्सिकोचा झाला त्या दिवशी पिठलं-भात गार झाला तरी तुझं बोलणं संपेना. तिथले रेसिडेंट बाळंतपणं स्वतः करतात, एकाच घरातली आजी, मुलगी आणि नात एकाच डॉक्टरकडे येतात, डायबेटिसच्या पेशंटला आहार सांगायचा तर ताजी भाजी त्याला मिळते कुठे इथपासून विचार करावा लागतो. कॉलेजात तू एवढ्या जिद्दीनं स्पॅनिश का शिकलीस ते मला त्या दुपारी कळलं. दुसऱ्या कुठल्याही प्रोग्रॅमबद्दल तू असं बोलताना मी ऐकलेलं नाही.

मग तो चौथ्यावर कसा गेला? तू दोन कारणं दिलीस. तिथे नंबर लागेलच असं नाही, मग पहिली जागा वाया कशाला घालवायची, हे एक. बाबांची तब्येत हे दुसरं.

पहिलं कारण साफ चुकीचं आहे. मी इतकी वर्षं प्रोग्रॅमिंग केलं आहे, त्यामुळे हे मला कळतं. मॅचचा, म्हणजे तुमच्या आणि हॉस्पिटलांच्या पसंतीच्या याद्या जुळवून जागा ठरवणारा, कॉम्प्युटर सुरुवात करतो तुमच्या यादीपासून. तुझी पहिली पसंती आधी बघतो. तिथे जागा असेल, किंवा आधी बसवलेल्या कुणापेक्षा त्यांनी तुला वर धरलं असेल, तर तुला तात्पुरतं तिथे बसवतो. नाही जमलं तर तुझ्या पुढच्या पसंतीकडे जातो. तोवर तिथल्या जागा भरलेल्या असल्या तरी त्याही तात्पुरत्याच. त्या प्रोग्रॅमच्या यादीत तू वर असशील तर खालच्याला उठवून तुला जागा मिळते. म्हणजे न्यू मेक्सिको पहिलं लिहिलंस आणि तिथे लागलं नाही, तरी इथल्या हॉस्पिटलातली तुझी संधी तसूभरही कमी होत नाही. तू त्यांना कितवं लिहिलंस हे त्यांना दिसतही नाही. मी कागदावर नावं आणि हॉस्पिटलं मांडून सगळं करून पाहिलं.

ही पद्धत अशी आपोआप झालेली नाही. 1952 साली मॅच सुरू झाली त्याआधी हॉस्पिटलं एकमेकांच्या आधी मुलं गाठायला बघायची आणि ऑफर देऊन काही तासांत उत्तर मागायची. मॅचचा जो पहिला आराखडा आला, त्यात मनातलं खरं लिहिणाऱ्याचंच नुकसान होत होतं. विद्यार्थ्यांनी आवाज उठवला आणि तो बदलायला लावला. 1998 पासून चालते ती पद्धत ॲल्विन रॉथ आणि इलियट पेरान्सन यांनी बसवलेली. रॉथना 2012 मध्ये लॉइड शॅपलींबरोबर अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. शॅपली आणि डेव्हिड गेल यांनी तर 1962 मध्येच हे गणित लग्नं जुळवण्याचं उदाहरण घेऊन मांडलं होतं. आपल्याकडे "ते नाहीच म्हणतील" म्हणून मनात भरलेलं स्थळ न विचारताच सोडून देतात. इथे तसं करायचं काहीच कारण नाही. फक्त जिथे जायचंच नाही ते नाव यादीत मुळीच घालू नकोस, कारण लागलं की जावंच लागतं.

आता बाबा. त्यांचे स्टेंट व्यवस्थित आहेत, रोज चालायला जातात, गोळ्यांचा डबा मी भरते, कार्डिओलॉजिस्टकडे मी नेते. अडीनडीला मंडळातली माणसं आहेत, मागच्या वेळी रात्री कोण कोण धावून आलं ते तुला माहीतच आहे. आणि तू वीस मिनिटांवर राहिलीस तरी आठवड्याला ऐंशी तासांपर्यंत ड्युटी असताना आमच्या वाट्याला किती येणार आहेस? तू जवळ असावीस असं मला वाटतं, फार वाटतं. पण त्यासाठी तुझी तीन वर्षं मी मागणार नाही. त्या तीन वर्षांत तू कुठल्या पद्धतीची डॉक्टर होणार ते ठरतं. आज सकाळी बाबांशी बोलले. थोडा वेळ गप्प होते, मग आयपॅडवर न्यू मेक्सिकोतल्या अल्बकर्कीची विमानं बघत बसले.

पुण्याच्या मावशीचं मनावर घेऊ नकोस. फॅमिली मेडिसिन म्हणजे स्पेशालिस्ट नाही, असं तिच्या डोक्यात आहे. इथे 1969 पासून ती मान्य स्पेशालिटी आहे, रेसिडेन्सी आहे, वर बोर्डाची परीक्षा आहे, हे मी तिला सांगितलंय आणि पुन्हा सांगेन.

मॅचच्या आठवड्यात सोमवारी नुसतं झालं की नाही एवढंच कळेल, कुठे ते शुक्रवारी दुपारी. सोमवारी "नाही" आलं तर लगेच उरलेल्या जागांसाठीच्या फेरीची, म्हणजे सोपची (SOAP), धावपळ सुरू होईल. तो अख्खा आठवडा मी रजा टाकली आहे. बोलावलंस तर येते. कुणी नको वाटलं तर फक्त जेवलीस का तेवढं कळव.

आणि लिस्ट बदललीस की ती पुन्हा सर्टिफाय, म्हणजे पक्की, करावी लागते, ते विसरू नकोस. शेवटच्या दिवशी रात्री नऊला बंद होतं, तोवर ताणू नकोस, या रविवारीच करून टाक. झालं की मला मेसेज कर. कोण कितवं लिहिलंस ते मात्र सांगू नकोस.

तुझी,
आई