पाय बसवण्याआधी : मित्रास पत्र

प्रिय मित्रा,
सप्रेम नमस्कार.

परवा वहिनींचा फोन आला होता. टाके निघाले, जखम कोरडी आहे, पण तू कोणाशी धड बोलत नाहीस आणि ‘नवा पाय कधी बसणार’ एवढेच विचारत राहतोस, असे त्या म्हणाल्या. माझा डावा पाय गुडघ्याखाली कापला, त्याला या आषाढात सहा वर्षे होतील. तेव्हा माझ्याही तोंडी हाच प्रश्न होता, म्हणून फोनवर नुसता धीर देण्यापेक्षा सविस्तर लिहितो आहे.

तुझा गुडघा वाचला आहे, ही फार मोठी गोष्ट आहे. गुडघा स्वतःचा असला की चालताना दमणूक कमी होते आणि जिनाही चढता येतो. हाच गुडघा मी बिघडवून बसलो होतो. ठणका कमी व्हावा म्हणून पहिला महिनाभर मी त्याखाली उशी घेऊन पडून राहिलो. रुग्णालयात रोज इतकी माणसे येऊन जात, पण ती उशी काढा असे एकानेही सांगितले नाही, याचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही. गुडघा वाकलेलाच आखडला आणि तो सरळ करण्यात व्यायामाचे चार महिने गेले. तू उशी घेऊ नकोस, खुर्चीत बसताना स्टंप, म्हणजे कापल्यावर उरलेला पायाचा भाग, लोंबता ठेवू नकोस, आणि डॉक्टरांना विचारून रोज थोडा वेळ पालथा झोपत जा, म्हणजे खुब्याचा सांधाही आखडणार नाही.

स्टंपवर क्रेप बँडेज (ताणणारी पट्टी) इंग्रजी आठच्या आकड्यासारखे तिरके बांधायचे, टोकाकडे घट्ट आणि वर जाताना सैल. गोल गोल गुंडाळले तर वर करकोचा पडतो आणि टोक सुजते. सूज उतरून स्टंपला नीट आकार येण्याआधी सॉकेटचे, म्हणजे नव्या पायाच्या ज्या खोबणीत स्टंप बसतो तिचे, माप घेतले, तर ते सॉकेट थोड्याच दिवसांत ढिले पडते. तुझी घाई मला समजते, पण इथे घाई करू नकोस.

नसलेल्या पायाचा अंगठा रात्री पिळवटून निघत असेल, तर ते लपवू नकोस. मी दोन महिने लपवले, कारण लोक वेड्यात काढतील असे वाटे. पाय गेला तरी मेंदूतली त्याची जागा शाबूत असते, त्यामुळे असे होते. त्यावर औषधे आहेत, आणि चांगला पाय आरशात पाहत हलवण्याचा उपचारही आहे. झोपेतून उठताना मात्र सांभाळ. पाय आहे असे समजून मी एकदा खाली टेकवला आणि थेट स्टंपवर पडलो. तेव्हापासून कुबडी उशाशी असते.

मी जयपूर फूट वापरतो. रामचंद्र शर्मा आणि डॉ. प्रमोद करण सेठी यांनी तो १९६८ च्या सुमारास जयपुरात घडवला, तो अनवाणी चालणाऱ्या, जमिनीवर बसणाऱ्या आपल्यासारख्या माणसांसाठीच. त्याच्या रबरी पावलावर चप्पल न घालताही चालता येते, त्यामुळे देवळाच्या पायरीशी मला थांबावे लागत नाही.

रोज संध्याकाळी पाय उतरवला की मी स्टंप साबणाने धुतो, टिपून कोरडा करतो आणि दाढीचा आरसा खाली धरून टोक पाहतो. सॉकेटचा लालसर वळ थोड्या वेळात मावळला तर ठीक. तो तसाच राहिला किंवा कातडी सोलवटली, तर दुसऱ्या दिवशी कितीही महत्त्वाचे काम असले तरी मी पाय चढवत नाही. दिवसभरात स्टंप बारीक होऊन सॉकेट सैल होते, म्हणून स्टंपवर चढवायला पिशवीत जादा मोजा ठेवतो. आणि तुझ्या उजव्या पायाचे तळवे वहिनींना रोज पाहू दे. आपल्या दोघांचीही शुगर अशी आहे की एक फोड पुरतो.

रविवारी सकाळच्या एसटीने येतो. दार लोटून घेऊ, मी माझा पाय उतरवून ठेवीन आणि तुझे बँडेज माझ्या हाताने बांधून दाखवीन.

तुझाच,
बालमित्र